पडद्यावर काय आलं

या जूनमध्ये आमच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या पुस्तकांचा नवा गठ्ठा आला. मुखपृष्ठ बदललंय. आता वर चकचकीत निळ्या रंगात एक रोबोट बसवलाय आणि त्याच्या पायाशी लेखक म्हणून आमच्या विभागप्रमुखांचं नाव, पूर्वीपेक्षा मोठ्या टायपात. मी सुतळी कापली, वरचं पुस्तक उचललं आणि थेट चौथ्या प्रयोगाचं पान काढलं. होतं. जसंच्या तसं होतं. एकाच ओळीत, मध्ये मोकळी जागा सोडून, 'तेरणा डॅम'. मी पुस्तक टेबलावर आपटलं. शिपाई म्हणाला, काय झालं भाऊ, पाल निघाली का? पाल निघाली असती तर बरं झालं असतं.

ज्यांना सी भाषेतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, अवघड नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही छापायचं तर सी भाषेत दोनचार हुकूम आहेत. पुट्स म्हटलं की अख्खा शब्द छापला जातो, आणि छापून झाला की मशीन आपणहून खालच्या ओळीवर जातं. पुटचार म्हटलं की एकच अक्षर छापलं जातं, आणि मशीन त्याच ओळीत, त्या अक्षराच्या शेजारी थांबतं. चौथ्या प्रयोगात हे दोन्ही एकत्र वापरायचे होते. आधी पुट्सनं इंग्रजीत 'तेरणा' हा शब्द, मग पुटचारनं डी, ए, एम अशी तीन अक्षरं एकेक करून. म्हणजे तेरणा वरच्या ओळीत येणार आणि डॅम खालच्या ओळीत. दुसरं काही येऊच शकत नाही. मधली मोकळी जागा तर प्रोग्राममध्ये कुणी मागितलेलीच नाही, ती येणार कुठून?

एवढीशी चूक. एका माणसानं एकदा मशीन चालवून पाहिलं असतं तर दुरुस्त झाली असती. ती दुरुस्त झाली नाही, आणि तिच्यापायी आमच्या तांबोळी मॅडम गेल्या. मेल्या नाहीत, कॉलेजातून गेल्या. पण मी 'गेल्या' असंच म्हणतो.

मी या तंत्रनिकेतनात लॅब असिस्टंट आहे. तुळजापूरच्या बाहेर, सोलापूर रस्त्याला. संस्थेचं नाव लिहीत नाही, भागातल्या लोकांना ते माहीत आहे आणि बाकीच्यांना त्याचं काय करायचंय? माझं काम मशीन चालू ठेवणं, उंदरानं कुरतडलेल्या वायरी बदलणं आणि साहेब लोक बोलताना गप्प बसणं. तिसरं काम मला कधी नीट जमलं नाही.

मॅडम तामलवाडीच्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे आणि पुढच्या वर्षी बोलावलं तर नशीब. ठेंगण्या, सावळ्या, डोक्यावर ओढणी आणि पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड तळव्याच्या चपला. त्या व्हरांड्यातून येताना आवाज यायचा आणि पोरं मोबाइल खिशात घालायची. पहिल्याच दिवशी त्या लॅबमध्ये आल्या आणि उभ्याच राहिल्या. सगळ्या मशीनवर प्लॅस्टिकची झाकणं होती. झाकणं कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, धूळ बसते मॅडम, तपासणी कमिटी येते तेव्हा काढतो. त्यांनी खिडकी उघडली, आणि एकेक झाकण ओढून बाहेर टाकायला लागल्या. खाली बागेत माळी पाणी घालत होता, त्याच्या अंगावर पडली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मानेभाऊ, मढं झाकतेत. मशीन न्हाय झाकत."

मला राग आला. झाकणांची जबाबदारी माझी होती, हिशोब मला द्यावा लागणार होता. पण खरं सांगायचं तर मला तो राग फार वेळ टिकवता आला नाही, कारण बाई बोलल्या त्यात खोट नव्हती. आमच्याकडे मशीन पाहायची होती, चालवायची नव्हती. पोरं प्रोग्राम पुस्तकातून वहीत उतरवायची, आउटपुटही पुस्तकातूनच उतरवायची, आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणायची. सगळीकडे हेच चालतं, असं स्टाफरूममध्ये अभिमानानं सांगितलं जायचं.

त्यात आमचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, जुना, निळ्या पडद्याचा. त्याची एक खोड होती. प्रोग्राम चालवला की काळा पडदा एक क्षण चमकायचा आणि लगेच निळा परत यायचा. काय छापलं गेलं ते बघायचं असेल तर प्रोग्रामच्या शेवटी पडदा थांबवायचा एक हुकूम लिहावा लागतो. पुस्तकातल्या एकाही प्रोग्राममध्ये तो नव्हता. लेखकानं स्वतः तरी ते आउटपुट पाहिलं होतं का, असा प्रश्न कुणालाही पडावा. आमच्याकडे तो एकट्या तांबोळी मॅडमना पडला.

त्यांचं शिकवणं बघायला मी मुद्दाम लॅबचं दार उघडं ठेवायचो. शेजारच्या वर्गात त्या पोरांनाच अक्षरं करायच्या. एकेका पोराला पुटचार म्हणून उभं करायच्या. त्यानं एक अक्षर बोलायचं आणि बाकावर बसायचं, पुढच्यानं त्याच्याच शेजारी बसायचं. पुट्स झालेल्या पोरानं अख्खा शब्द बोलायचा आणि बाकावर थाप मारायची. थाप पडली की पुढचा जो येईल त्यानं मागच्या बाकावर जायचं. एकदा एक पोरगा थाप पडल्यावरही त्याच बाकावर जाऊन बसला. त्या बाकावर मुली होत्या, त्यामुळे त्याचा हेतू काय होता ते सांगता येत नाही. मॅडमनी त्याला उभं केलं आणि विचारलं, "थाप कुणाला ऐकू आली न्हाय? तुला, का तुझ्या बापाला?" मग त्याला अख्खा तास मागच्या बाकावर एकटं बसवून ठेवलं, आणि वर्गाला सांगितलं की पुट्स म्हणजे शहाणं माणूस, बोलून झालं की जागा सोडतं. पुटचार म्हणजे आपलं एक अक्षर टाकून तिथंच उभं, पुढं कोण येतंय याची वाट बघत. त्या पोराला मी परवा सोलापूरच्या स्टँडवर भेटलो. पुण्याला कंपनीत आहे. त्याला सी भाषा फारशी आठवत नव्हती, तो बाक आठवत होता.

त्या शिव्या द्यायच्या, हे खरं आहे. बाईमाणसाच्या तोंडी शोभणार नाहीत अशा नव्हेत, पण द्यायच्या. गाढवा, येड्या, आंधळ्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात करायच्या आणि दहा मिनिटांत तामलवाडीवर यायच्या. पोरानं विचारलं, मॅडम, आउटपुट काय येईल, की त्यांचा पारा चढायचा. "येईल काय इचारतो? मी काय ज्योतिषी हाय? चालीव, आन् पडद्यावर काय आलं ते सांग." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं पाठीमागं नक्कल करायची. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, आज परीक्षा कशी गेली, की दुसरा म्हणायचा, पडद्यावर काय आलं ते सांग.

हा स्वभाव कुठून आला ते मला त्यांच्या वडिलांना भेटल्यावर कळलं. मी नवीन घराला नावाची पाटी करायची म्हणून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, अब्बा करतील की. अब्बा म्हणजे पेंटर. हायवेच्या कडेची दुकानं, ट्रकांच्या पाठी, ग्रामपंचायतीच्या भिंती, पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांचा ब्रश फिरलेला. मी तामलवाडीला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसून एका पत्र्यावर अक्षर काढत होते. मला बसायला सांगितलं आणि अक्षर पूर्ण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मॅडम चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझे अब्बा पुटचार हायेत, मानेभाऊ. एका येळी एकच अक्षर."

अब्बांना एकच प्रकार सहन होत नव्हता, गिऱ्हाइकानं जागा न मोजता मजकूर आणणं. येरमाळ्याच्या एका दुकानदारानं फळी आणून दिली आणि म्हणाला, नाव एका ओळीत बसलं पाहिजे. देवीच्या नावाचं किराणा व जनरल स्टोअर्स. अब्बांनी मोजलं आणि सांगितलं, बसत नाही, खालच्या ओळीत घ्यावं लागेल. दुकानदार हट्टाला पेटला. मी पैसे देतोय, एका ओळीत बसव. अब्बांनी तोंडातून शब्द काढला नाही. एका ओळीत जेवढं बसलं तेवढं रंगवलं, 'जन' पर्यंत, आणि फळी त्याच्या हातात दिली. म्हणाले, फळीवर एवढंच आलं. पुढचं तुमच्या मनात आहे, ते मला रंगवता येत नाही. दुकानदार सहा महिने गावभर शिव्या घालत होता. हे सांगताना मॅडम हसत होत्या, पण अब्बा हसत नव्हते. त्यांना तो माणूस अजून आवडत नव्हता. माझी पाटी त्यांनी दोन ओळींत केली आणि मी काही बोललो नाही.

तर अशा घरची बाई, आणि तिच्या हातात ते पुस्तक.

चौथ्या प्रयोगाची चूक त्यांना पहिल्याच सत्रात दिसली. मला वाटलं होतं, आता झाकणांसारखं पुस्तक खिडकीतून जाईल. पण तेव्हा त्यांनी सबुरी धरली. पुस्तक साहेबांचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, आणि नोकरी तासाची. त्या केबिनमध्ये गेल्या आणि त्यांना जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाल्या, सर, चौथ्या प्रयोगाचं आउटपुट तेवढं बघता का, दोन ओळी यायला पाहिजेत. मी यूपीएसच्या कामासाठी तिथेच होतो. साहेबांनी पुस्तक बघितलंही नाही. म्हणाले, मॅडम, हे छापलेलं आहे. जणू छापलं म्हणजे देवानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, सर, मशीनला विचारू की, शेजारीच आहे. साहेब हसले. परीक्षेला याच पुस्तकाप्रमाणे तपासतात, पोरांना मार्क मिळतायत, तुम्हाला तासाचे पैसे मिळतायत, मग अडलं कुठं? मॅडमनी मान हलवली आणि बाहेर आल्या. व्हरांड्यात मला म्हणाल्या, यांनी आयुष्यात पडदा थांबवला नाही, मानेभाऊ. दिसंल कसं?

त्या दिवसापासून त्यांनी आपल्या बॅचपुरता नियम केला. पुस्तकातलं आउटपुट कुणी उतरवायचं नाही. प्रत्येकानं मशीन चालवायचं, पडदा थांबवायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. चुकलं तर चुकलेलं लिहायचं. पोरांना आधी जड गेलं. मग गोडी लागली. माझ्या लॅबमध्ये पहिल्यांदा मशीनसाठी भांडणं व्हायला लागली. त्यात सुवर्णा म्हणून एक मुलगी होती, माकणीची, धरणाच्या काठाची. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. ती जेवणाच्या सुट्टीतही मशीनवर बसायची, आणि एखादी ओळ मनासारखी खाली उतरली की स्वतःशीच बाकावर थाप मारायची. मॅडमनी तिला सगळ्यात जास्त शिव्या दिल्या. म्हणजे त्यांचा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव होता.

आता परीक्षेचं सांगतो. आमच्याकडे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. ते आले की पहिला कार्यक्रम नाश्ता, दुसरा आई भवानीचं दर्शन. कॉलेजची गाडी दारात उभी असते, पुजाऱ्याला फोन झालेला असतो. परीक्षक कपाळभर कुंकू लावून, प्रसादाची पिशवी घेऊन परत येतात तोवर पोरांचे कागद लिहून झालेले असतात. मग केबिनमध्ये कूलरसमोर बसून, एका हातात शेंगाचटणी लावलेली भाकरी आणि दुसऱ्या हातात लाल पेन, असं तपासणं चालतं. लॅबमध्ये पाऊल टाकलेला परीक्षक माझ्या नोकरीत मी बोटांवर मोजण्याइतकाही पाहिला नाही. देवीला यात ओढू नये, तिचा काही दोष नाही.

त्या वर्षी परीक्षकांनी सगळ्यांना चौथाच प्रयोग दिला, तपासायला सोपा म्हणून. दुसऱ्या बॅचच्या पोरांनी पुस्तकातली एक ओळ उतरवली. मॅडमच्या बॅचनं मशीन चालवलं, पडदा थांबवला आणि दोन ओळी लिहिल्या. मी फिरून बघत होतो. प्रत्येक पडद्यावर वर तेरणा, खाली डॅम. मला त्या पोरांचं कौतुक वाटलं. दुपारी कागद केबिनमध्ये गेले आणि थोड्या वेळानं शिपाई पळत आला. मॅडमच्या अख्ख्या बॅचवर लाल फुली होती. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून आउटपुट चूक, आणि आउटपुट चूक म्हणून सगळे नापास.

मॅडम केबिनमध्ये गेल्या तेव्हा दार वाजवलं नाही. मी मागोमाग गेलो. त्यांनी परीक्षकांना एकच गोष्ट मागितली, की उठा, शेजारच्या खोलीत या, एकदा मशीन बघा. परीक्षक म्हणाले, मॅडम, माझी लातूरची गाडी आहे. मी मध्ये बोललो, की साहेब, मशीन चालूच आहेत, एक मिनिट लागणार नाही. विभागप्रमुखांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीनंच तोंड उघडलंय. म्हणाले, माने, तुम्ही यूपीएस बघा.

मग मॅडमचा आवाज चढला, आणि तो सबंध इमारतीनं ऐकला असेल. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही देवीला जाऊन आलाव. तिला डोळं भरून बघितलंव. पोरांनी काय केलं तेवढं बघायला डोळं न्हाईत व्हय तुमाला?" परीक्षकांचा घास हातातच राहिला. विभागप्रमुख मात्र शांत होते. असली माणसं ऐन वेळी फार शांत असतात. ते म्हणाले, मॅडम, पोरांचं वर्ष जाईल, तुमच्या हट्टापायी. मी मार्ग काढतो. कोरे कागद देऊ, आउटपुट तेवढं पुन्हा लिहू दे, पुस्तकाप्रमाणे. सगळे पास. मॅडम नाही म्हणाल्या. साहेब म्हणाले, मार्क तुमचे नाहीत, पोरांचे आहेत, त्यांनाच विचारू. आणि कोरे कागद घेऊन स्वतः लॅबमध्ये गेले. मशीन बघायला ज्या खोलीत त्यांना वर्षानुवर्षं यायला झालं नाही, तिथे ते खोटं लिहवून घ्यायला आले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पडदे तसेच थांबवलेले होते. प्रत्येक पोराच्या नाकासमोर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. साहेबांनी कागद वाटले. पोरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला नंतर म्हणाल्या, त्यांच्या घरचं काय ते मला ठाऊक आहे, मी कुठल्या तोंडानं अडवू? मग पहिल्या बाकावरच्या पोरानं मान खाली घातली आणि एक ओळ लिहिली. त्याचं बघून शेजारच्यानं लिहिली. समोर दोन ओळी दिसतायत आणि हात एक ओळ लिहितायत, अशी सगळी बॅच. मी त्या पोरांवर रागावलेलो नाही. सतरा-अठरा वर्षांची पोरं, वर्ष वाचवत होती. कुंपणानंच शेत खायला घेतल्यावर पिकाला काय बोलायचं?

सुवर्णाचं पेन हललं नाही. साहेब तिच्याजवळ गेले, अगदी मायेनं विचारलं, काय झालं बाळ, लिही की. ती उभी राहिली. इतक्या हळू बोलली की शेजारच्यांनी माना वळवल्या. "सर, पडद्यावर तसं आलं न्हाय."

साहेब म्हणाले, "बाळ, पडदा मार्क देत नसतो."

तिनं कोरा कागद परत दिला. तेवढ्यापुरतं मॅडमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. आनंद नव्हता तो. घाबरल्या होत्या, तिच्यासाठी. आणि त्याच वेळी त्यांची मान ताठ झाली होती.

निकालात सगळी बॅच पास आणि सुवर्णा नापास. गुणपत्रकावर अंतर्गत परीक्षक म्हणून मॅडमची सही लागत होती, ती त्यांनी केली नाही. साहेबांनी स्वतःच ठोकली. जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं, त्यात मॅडमचं नाव नव्हतं. कुणी बोलावून सांगितलं नाही, एक फोन केला नाही. त्या पहिल्या दिवशी नेहमीसारख्या आल्या, चपलांचा आवाज व्हरांड्यात आला, वेळापत्रकाच्या फळ्यासमोर थांबला. मग लॅबकडे आल्या. मशीनवर पुन्हा नवी झाकणं आली होती, वरूनच हुकूम होता. मॅडमनी ती बघितली. मला वाटलं आता खिडकी उघडतील. त्यांनी एका झाकणावरची धूळ बोटानं पुसली आणि म्हणाल्या, चांगल्या जाडीची आणलीत या वेळी. आणि निघून गेल्या.

स्टाफरूममध्ये त्यांच्या जाण्यावर चर्चा झाली. बाई हुशार होती पण तोंडाळ, एवढ्याशा ओळीसाठी कुणी नोकरी घालवतं का, व्यवहार कळत नाही अशा लोकांना. ज्यांनी कधी एक प्रोग्राम चालवला नाही ते व्यवहार शिकवत होते. मी चहाचा कप तिथेच ठेवून उठलो, आणि तेव्हापासून त्या खोलीत चहा घेत नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मॅडम त्यानंतर सोलापुरात एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागल्या. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, दहाव्याचे फ्लेक्स कॉम्प्युटरवर जुळवायच्या. ज्या फ्लेक्सनं अब्बांच्या हातातला ब्रश काढून घेतला, त्याच दुकानात. मी एकदा फोनवर विचारलं, अब्बा काय म्हणाले? काही नाही म्हणाले, असं त्या म्हणाल्या. अब्बा न बोलण्याचा अर्थ मला ओसरीवर कळला होता.

त्यांना शेवटचं पाहिलं ते हिवाळी परीक्षेच्या दिवशी. सुवर्णाची राहिलेली प्रॅक्टिकल होती. परीक्षक दुसरे, दर्शन तेच, कुंकू तेच आणि प्रयोगही, साहेबांच्या कृपेनं, चौथाच. दुपारी मी चहाला फाट्यावर गेलो तर एसटीच्या थांब्यावर मॅडम बसलेल्या. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आल्या होत्या. गेटवरच्या वॉचमननं आत सोडलं नव्हतं. कॉलेजचा नवा नियम, म्हणे. मी म्हणालो, चला, मी नेतो. म्हणाल्या, नको, मला तुमच्या लॅबमध्ये काही काम नाही, माझं काम तिच्याशी आहे.

सुवर्णा बाहेर आली. मॅडमना बघून रस्त्यातच थांबली. मग जवळ आली. मॅडमनी हाल विचारले नाहीत, जेवलीस का विचारलं नाही. सरळ म्हणाल्या, "पडद्यावर काय आलं?"

"दोन ओळी, मॅडम."

"आन् कागदावर?"

ती चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. वर न बघता म्हणाली, "एक."

मी मॅडमकडे पाहिलं. मी थोडा मागेही सरकलो, कारण आता काय होणार ते मला माहीत होतं. गाढवा, येड्या, आंधळ्या, सगळं येणार होतं, आणि भररस्त्यात येणार होतं. मला ते हवंही होतं. त्या केबिनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात यावं असं वाटत होतं.

मॅडमनी ओढणी सारखी केली. सुवर्णाच्या खांद्यावरून पिशवीचा पट्टा घसरला होता, तो वर केला. म्हणाल्या, "बरं केलंस. पास हो आदी."

सोलापूरची गाडी आली. त्या चढल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि तिकिटाचे सुटे पैसे हातात धरून समोर बघत राहिल्या. आमच्याकडे वळल्या नाहीत. गाडी गेल्यावर सुवर्णा थांब्याच्या बाकावर बसून रडायला लागली. शिव्या खाल्ल्या असत्या तर ती पोरगी हसत माकणीला गेली असती, हे मला ठाऊक होतं, आणि मॅडमनाही ठाऊक असणारच.

सुवर्णा पास झाली. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, चौथा प्रयोग आहे तिथेच आहे, आणि लेखक त्याच केबिनमध्ये कूलरसमोर बसून आहेत. त्यांनी मॅडमची नोकरी घेतली, ते मी एक वेळ पचवीन, तासाची नोकरी आज ना उद्या जायचीच. पण एका ओळीसाठी सगळी इमारत डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईच्या तोंडून त्यांनी 'बरं केलंस' काढलं. ते मी त्यांना माफ करणार नाही.